ट्रॅक्टरचं मागचं चाक बघून घेतलेले टायर

आमच्या गावातून भोकरदनला जायला दोन रस्ते आहेत. एक पूर्ण डांबरी, एकोणीस किलोमीटरचा, चार गावांना वळसा घालून जाणारा. दुसरा म्हणजे चार किलोमीटर पांदण आणि फाट्यापासून पुढे आठ किलोमीटर डांबर. पांदण म्हणजे शेताशेतांच्या मधून गेलेली बैलगाडीची वाट, सगळी काळी माती. तिच्या तोंडाशी एक निळा बोर्ड आहे आणि मजबुतीकरणाचं काम पूर्ण झालं असं त्यावर लिहिलंय. बोर्ड मात्र खरंच मजबूत आहे. त्या बोर्डावर मी तीन पत्रकं काढली, निवेदनं दिली, एकदा उन्हात दिवसभर बसले. ते सगळं इथे सांगत बसत नाही, कारण हा मजकूर टायरांचा आहे. बोर्ड आहे आणि रस्ता नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भोकरदनला मुलींची अभ्यासिका सुरू झाली ती आमच्या भांडणामुळे. मुलांना बसायला जागा होत्या. मुलींचं विचारलं तर उत्तर मिळालं, "मुली घरी अभ्यास करतात." घरी! सकाळी सातला नळाला पाणी येतं, चूल-गॅस-डबे चालू असतात, त्या घरात मुलगी सातला पुस्तक घेऊन बसते असं ज्या माणसाला वाटतं, तो स्वतःच्या घरात सकाळी सातला कुठे असतो, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी एका संस्थेने बंद पडलेला वरचा हॉल दिला. अट घातली की किल्ली एकाच माणसाच्या ताब्यात राहील, त्याचीच सही असेल, किल्ली तिसऱ्याच्या हातात दिसली की हॉल परत. सही मी केली. वेळ ठरली सकाळी सात ते दहा. दहानंतर मी त्याच गल्लीत छपाईच्या दुकानात टायपिंगला बसते.

आमच्या गावात पहिली एसटी साडेआठला येते. घरात मोटारसायकल एकच, ती दादा पहाटे दूध घेऊन जातो. राहिली सायकल. मामेभाऊ पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची गिअरवाली माऊंटन सायकल आमच्या गोठ्यात पडून होती. तिचे टायर झिजून तळहातासारखे झाले होते. उन्हाळाभर त्यांच्यावर चाललं. जून-जुलैत पाऊस असून नसल्यासारखा होता, तरी पांदणीत दोनदा घसरून पडले. टायर बदलायचे ठरले.

अभ्यासिकेत तेव्हा नऊ मुली यायच्या. त्यातली एक फाट्यावर राहायची, म्हणजे जिथे माझी पांदण संपते आणि डांबर सुरू होतं, तिथेच रस्त्याकडेला तिचं घर. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. दोन खोल्या, सात माणसं. तिचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीच्या दुकानावर कामाला. सकाळी सातला ते तिला मोटारसायकलवर सोडायचे आणि पुढे जायचे. पहिल्या दिवशीच त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"ताई, माझं एकच म्हणणं हाये. दार उघडं पायजे. पोरगी रस्त्यावर उभी दिसली न्हाई पायजे. खाली सगळा मोंढा चहा पिऊन राह्यला."

"उभी दिसली तर काय होतं, काका?"

"तुम्हाला काय होतं ते माहीत न्हाई. मला माहीत हाये. दार बंद दिसलं का मी पोरगी घरी घेऊन जाईन, मंग परत आणायचो न्हाई."

मला राग आला. चहा पिणाऱ्यांच्या नजरेचा दंड मुलीने का भरायचा, यावर मी उभ्या उभ्या पत्रक लिहिलं असतं. पण सातला दार उघडायचं काम माझं होतं, आणि त्यावर पत्रक निघत नाही.

टायर घ्यायला मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, जालन्याला गेलो. अप्पांनी पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय. आमच्याकडे कुठलंही चाक बघायचं म्हटलं की ट्रॅक्टरच्या नजरेनेच बघितलं जातं. दुकानदाराने तीन-चार प्रकारचे टायर समोर टाकले. एक अगदी गुळगुळीत, एक मधे सपाट आणि कडेला बुटकी बटनं असलेला, आणि एक सव्वादोन इंची रुंद, अंगठ्याएवढी उंच बटनं दाटीने लावलेला. अप्पांनी तो तिसरा उचलला, बटनांमध्ये बोटं घातली आणि म्हणाले, "हे बघ. माती धरायला टायरला दात पायजेत. मागच्या चाकाला कसे गट्टे असतेत? बिनदाताचं चाक काळ्या मातीत काय करनार?"

मलाही ते पटलं. मी पत्रकवाली असले तरी शेतकऱ्याच्याच घरची आहे. जितकी बटनं मोठी तितकी पकड घट्ट, हे आम्ही लहानपणापासून बांधावर उभं राहून बघितलंय. दुकानदार म्हणाला, "ताई, रोज डांबरावर चालवायची असेल तर मधला घ्या." मी त्याला विचारलं, "तुम्ही कधी पांदणीत गेलात का?" तो गप्प बसला. त्याला गप्प केलं याचा मला आनंद झाला. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

नव्या टायरांनी सायकल अशी दिसायला लागली की गावातल्या पोरांनी तिला म्हैस म्हणायला सुरुवात केली. डांबरावर ती घूं घूं आवाज करायची. आधी पाऊण तासात व्हायचं ते अंतर आता पंचावन्न मिनिटं खायला लागलं. मांड्या भरून यायच्या. कुणी विचारलं की मी सांगायचे, पाऊस येऊ द्या, मग कळेल. फाट्यापुढचे आठ किलोमीटर ते टायर मी केवळ हट्टाने ओढत होते.

पोळ्याच्या आधी झड लागली. दोन दिवस बारीक पाऊस, थांबायचं नाव नाही. पहिल्या दिवशी मी लांबच्या डांबरी रस्त्याने गेले, पाच वाजता निघून. संध्याकाळी आईने सांगितलं, अंधारात एकोणीस किलोमीटर एकटी जायची नाहीस, बिलकुल नाही. तिच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दे होते. पण तिचा चेहरा बघून भांडले नाही. शिवाय टायर कशासाठी घेतले होते? दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी निघाले आणि पांदणीत शिरले.

पहिली शंभर पावलं ती सायकल खरंच ट्रॅक्टरसारखी चालली. मला वाटलं, झालं, जिंकलं. मग मागचं चाक जड झालं. मग पुढचं. खाली बघितलं तर टायर दिसतच नव्हते. बटनांमधल्या फटींत माती भरली होती, त्या मातीला पुढची माती चिकटली होती, तिला गवत आणि तुरीचं धसकट, आणि भाकरीच्या पिठाचा गोळा हाताला लागतो तसा एक जाड थर चाकाभोवती बसला होता. चिमट्यात, म्हणजे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये फिरतं त्यांच्यात, तो थर अडकला आणि चाक थांबलं. मी काडीने माती काढली. दहा पावलं गेले. पुन्हा काढली. पुढे काडी मोडली आणि बोटांनी काढली. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. एरवी मी ती एका हाताने उचलते. त्या दिवशी मातीसकट तिचं वजन दुप्पट वाटत होतं. उरलेली तीनेक किलोमीटर मी तिला वाहून नेली, मधे मधे टेकवत. एकदा मी चिखलात बसून मोठ्याने शिवी दिली. कुणाला, ते माहीत नाही. बोर्डाला असेल.

भोकरदनला पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. आठ मुली चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली पुस्तकं पोटाशी धरून उभ्या होत्या. नववी नव्हती.

"तिचे पप्पा आल्ते," एकीने सांगितलं. "दहा मिनिटं थांबले, मंग घेऊन गेले. ती रडत होती, ताई."

दुसरी म्हणाली, "तुम्ही पण रडून राह्यल्या का? का पाऊस हाये?"

"पाऊस आहे," मी म्हणाले आणि दार उघडलं.

दुपारी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या चाचांकडे सायकल ढकलत नेली. म्हातारा माणूस. गावात सायकली कमी झाल्या, ते मोटारसायकलींचे पंक्चर काढतात, पण सायकल दिसली की हातातलं काम ठेवून उठतात. त्यांनी माझ्या टायरांकडे बघितलं.

"हे काय बसवून आनलं बेटा? नांगरायला चालली का?"

"अप्पांनी आणि मी बघून घेतले."

"काय बघून?"

"ट्रॅक्टर."

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. समोर खताच्या दुकानापुढे एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्याकडे त्यांनी पाना रोखला. "कोनतं चाक बघितलं?"

"मागचं."

"आन् पुढचं कुनी बघायचं? ते काय चिखलात जात न्हाई? मागच्याच्या बराबर पुढं चालतं ना ते?"

मी बघितलं. आयुष्यभर ट्रॅक्टर बघत आले, पण पुढच्या चाकावर गट्टे नसतात, नुसत्या गोल फिरणाऱ्या दोन-तीन उभ्या रेषा असतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मागचं वढतं," चाचा म्हणाले. "पन्नास घोडे हायेत त्याला. म्हणून दात पायजे. तुला किती घोडे हायेत?"

"एक गाढव आहे."

"मी न्हाई म्हणलो. तू म्हणली." मग त्यांनी माझ्या पुढच्या चिमट्यात करंगळी घालायचा प्रयत्न केला. टायर आणि दांडीच्या मधे ती गेली नाही. "ट्रॅक्टरच्या चाकाला असा चिमटा हाये का? मोकळं चाक हाये. फिरलं का माती फेकून देतं. तुझ्या चाकाला माती फेकायला जागाच न्हाई. जितका जाडा टायर, तितकी जल्दी जाम."

"मग पकड?"

"बैलगाडीची धाव किती रुंद असती?" धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. मी तीन बोटं दाखवली. "त्याला एक तरी दात हाये? शंभर साल ती पांदणीतच चालली ना? वरचा चिखल कापती आन् खालच्या टणक मातीवर उभी राहती. जाडा टायर वरच तरंगतो, आन् वरचा सगळा चिखल गोळा करत चालतो. झाडू मारायला चालली का तू?"

मी सवयीने विचारलं, "हे कुठे लिहिलेलं आहे का? कंपनीच्या पुस्तकात?"

"कंपनीनं तुझी पांदण बघितली का?"

त्यांनी आतून टायर आणला. जालन्याच्या दुकानदाराने मधला म्हणून दाखवला होता, साधारण तसाच. दोन इंचाला जरा कमी. मधोमध सपाट पट्टी, डांबरावर पळायला. कडेला बुटकी बटनं, एकमेकांपासून लांब, वळताना धरायला. बटनं लांब असली की त्यांच्यात माती बसली तरी चाक फिरताना गळून पडते. "मागं हाच, पुढं पन हाच," चाचा म्हणाले. आमच्याकडे बांधावर सराटे असतात, तिन्ही बाजूंनी टोकं असलेले काटे, डांबराच्या कडेलाही पडलेले. त्यासाठी त्यांनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायरच्या आत अस्तरासारखी लावली. हवेचं मी विचारलं, डांबरावर कडक लागते आणि मातीत मऊ, मग फाट्यावर थांबून भरायची का?

"रोज दोनदा पंप मारनार? मधली ठेव. अंगठ्यानं दाबायचं. लिंबू दबतं तेवढं दबलं पायजे. दगडासारखं नको आन् पुरीसारखं नको."

माझे ते जाडे टायर त्यांनी भिंतीला टांगून ठेवले. म्हणाले, "डोंगरातल्या मुरमावर चालवनारा कुनी आला तर देऊ त्याला. टायर वाईट न्हाई. जागा चुकली."

दुसऱ्याच दिवशी पाऊस थांबला. पांदण वाळेपर्यंत दोन दिवस अप्पा शेजाऱ्याची सायकल घेऊन लांबच्या डांबरी रस्त्याने सोबत आले. आठवडाभर मी सातच्या आत दार उघडलं. अंतर पुन्हा पाऊण तासावर आलं. आठव्या दिवशी संध्याकाळी फाट्यावर त्या मुलीच्या घरी गेले. वडील बाजेवर बसले होते.

"काका, टायर बदललेत. आता उशीर होणार नाही. तिला पाठवा."

"आठवडाभर टायमावर उघडलं. ऐकलं मी."

"मग?"

"आठवडाभर कोरडं होतं, ताई. कोरड्यात तर कुनीही येतं. पाऊस पडू द्या, मंग बघू."

माझ्या तोंडात बरंच आलं होतं. तुमच्या मुलीची परीक्षा पावसासाठी थांबणार आहे का, हे तर अगदी ओठावर. पण माणूस खोटं बोलत नव्हता. झडीच्या दिवशी मुलींना रस्त्यावर कुणी उभं केलं होतं? मी. मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी निघाले तेव्हा ती सायकलपाशी उभी होती आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून बघत होती.

पाऊस येईना. आणि पाऊस आला तर टायर चालतील का, हे मला तरी कुठे माहीत होतं? चाचांचं म्हणणं पटलं होतं, पण अप्पांचं म्हणणंही असंच पटलं होतं. म्हणून मी अप्पांना म्हणाले, आपल्या शेताच्या कडेने पांदण जाते, विहिरीचं पाणी तिच्यावर सोडा.

"येडी झाली का? कापसाला पाणी सोडून वाटेला देऊ? लोकं काय म्हणतील?"

"म्हणा, टायर बघून राह्यलो."

लाइट आल्यावर अप्पांनी मोटर चालू केली आणि पाइप वाटेवर टाकला. तासाभरात पन्नास-साठ पावलांचा काळा रबरबाट तयार झाला. दोन शेजारी बांधावर येऊन उभे राहिले. एकाने विचारलं, "अप्पा, भात लावून राह्यले का?"

मी सायकल घातली. टायर ठीक गेले, माती गळून पडत होती. पण अर्ध्यात मागचं चाक घासायला लागलं. बघितलं तर माती टायरवर नव्हती, मडगार्डच्या आत साचली होती. हे चाचांनाही सुचलं नव्हतं. अप्पांनी तिथेच पाना आणून दोन्ही मडगार्ड काढले. पुन्हा गेले. पार पलीकडे. वळून परत आले. चाक एकदाही थांबलं नाही. माझ्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उठला होता.

अप्पा वाकून टायरकडे बघत होते. "बटनं बारीक हायेत तरी गेली," ते म्हणाले. मग पाना पुसत, "मी मागचंच चाक बघत बसलो."

"दोघांनी बघितलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पिशवीत कोरडा कुर्ता ठेवायला लागले.

गणपती बसले त्या आठवड्यात एका रात्री चांगला पाऊस झाला. पहाटे उठले तेव्हा अंगणात पाणी होतं. आईने चहा जास्त दिला. अंगठा दाबून हवा बघितली आणि निघाले. पांदणीत सोपं नव्हतंच. दोन ठिकाणी उतरून ढकलावं लागलं, एका ओघळीपाशी पाय घोट्यापर्यंत रुतला आणि चप्पल हाताने उपटून काढली. पण चाकं फिरत होती. खाली डबडब असा आवाज येत होता आणि टायर वरचा चिखल कापून खालच्या मातीवर बसतोय, हे हँडलमधून हाताला कळत होतं.

फाट्यावर आले तेव्हा तिचे वडील मोटारसायकल बंद करून रस्त्याच्या कडेला थांबले होते. पांदणीकडे तोंड करून. डोक्यावर खताची रिकामी पिशवी घेतलेली. एकटेच होते. मुलगी मागे नव्हती. किती वेळ उभे होते माहीत नाही, पण पिशवीवरून पाणी गळत होतं.

मी ब्रेक दाबला. त्यांनी आधी चाकांकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"किती वेळ लागला?"

"पांदणीला पस्तीस मिनिटं. एरवी पंधरा लागतात. म्हणून आज लवकर निघाले होते."

"सात वाजेपर्यंत पोचता का?"

"आता बोलत उभी राहिले तर नाही पोचत."

ते हसले, किंवा हसल्यासारखं काहीतरी केलं. मोटारसायकल चालू केली, ती भोकरदनकडे न वळवता घराकडे वळवली आणि दारात जाऊन हॉर्न वाजवला. मी पुढे निघाले. डांबर ओलं होतं, टायरची मधली पट्टी आवाज न करता पळत होती. मी मागे बघितलं नाही, कारण मला सातच्या आत पोचायचं होतं.

सातला पाच कमी असताना दार उघडलं. मुली आल्या, नेहमीसारख्या एकमेकींच्या छत्र्यांवरून भांडत. मी न्हाणीत जाऊन पाय धुतले, कुर्ता बदलला. बाहेर आले तेव्हा ती आली होती. केस ओले, पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत. एकीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती तिथे बसली. पानं ओली झालीत का ते बघितलं, आणि वाचायला लागली.